तिसरा पुकारा

बसमध्ये एक म्हातारा माझ्यासाठी जागेवरून उठला आणि मला असा राग आला म्हणून सांगू. तो स्वतः सत्तरीच्या पार पलीकडचा, हातात काठी, उठताना दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळलेला, आणि जागा कोणाला देतो तर मला! मी काय इतकी गळाठलेली दिसते? सकाळी आरशात पाहिलं तेव्हा केस बरे होते, पाठ ताठ होती. "बसा," तो म्हणाला, "तुम्ही उभं राहायचं नाही." मी म्हटलं, "अहो, तुम्हीच बसा, मी उतरणारच आहे आता." हे साफ खोटं होतं, माझं घर शेवटच्या थांब्याला आहे. पण तो ऐकेना. मागची दोन माणसं अंग चोरून उभी राहिली, खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं कानातली गाण्याची बोंडं काढून आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली, आणि एवढ्या गर्दीत माझ्याभोवती वीतभर मोकळी जागा झाली. मी बसले. म्हटलं, म्हातारपण आलं वाटतं, आधी कळवायचं तरी. तेवढ्यात तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ का?" मला वाटलं, हा भ्रमिष्ट आहे. कोणाचा भाऊ, असं विचारणारच होते, पण तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो बघत होता तिकडे मीही पाहिलं. उकडत होतं म्हणून मघाशी मी कोटाची बटणं सोडली होती, आणि आत, उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कोऱ्या फितीला लटकलेलं एक पदक बसच्या धक्क्यांबरोबर हलत होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी चोर ठरेन. मी सैनिकांच्या पदकांना फिती लावते. सरकारी कचेरी, तिसरा मजला, लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या टोकाला माझी खोली. ज्यांची माणसं येतात त्यांची खिडकी खाली आहे, तिथे फुलं असतात, फोटो निघतात, रडणं-हसणं सगळं असतं. आमच्या मजल्यावर न येणाऱ्यांची पदकं. लढाई संपली, पदक पाडलं गेलं, कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलं गेलं, आणि घ्यायला कोणी आलंच नाही. पत्ते बदलले, घरं पडली, बायकांनी दुसरे संसार मांडले, काही आयांनी तर पाकीट न उघडताच परत धाडलं. कागदावर त्यांना ‘दावा न आलेली पदकं’ म्हणतात, चहाच्या वेळी सगळे बेवारस म्हणतात. ही पदकं खणांत पन्नास वर्षं ठेवायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मग कॉरिडॉरमध्ये पुकारा करायचा, आणि पुकाऱ्यालाही कोणी ओ दिली नाही तर टांकसाळीत पाठवून वितळवायची. त्याच धातूची पुढच्या लढाईची पदकं होतात. वाया काही जात नाही, असं आमचे साहेब म्हणतात. ते खरंही आहे.

पुकारा म्हणजे काय, तर शब्दशः पुकारा. कॉरिडॉरच्या मधोमध उभं राहून एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं आणि विचारायचं, "यांचं कोणी आहे का?" तीनदा. ते काम करणाऱ्याला सगळे घसा म्हणतात. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. खिशात खडीसाखर, गळ्यात बारा महिने मफलर, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे टाइप करणारे हात थांबतात. येणाऱ्यांसाठी भिंतीला लागून बाक आहेत, त्यांवर कोणी बसलेलं नसतं. मी नोकरीला लागले तेव्हापासून कोणी बसलेलं पाहिलं नाही. तरी घसा प्रत्येक नावानंतर पुरता थांबतो, मान वळवून जिन्याकडे बघतो, एखाद्याला चढायला वेळ लागत असेल म्हणून. आणि माझं काम काय, तर पुकाऱ्याच्या आधी त्या प्रत्येक पदकाला नवी फीत लावायची. हो, वितळवायच्या आधी. हसू नका, मीही पहिल्यांदा हसले होते. नियमाचं म्हणणं असं की ऐनवेळी कोणी आलंच, तर त्याच्या हातात विटकी, वाळवी लागलेली फीत कशी द्यायची? तिसरा पुकारा झाला, कोणी आलं नाही, की मी पदकांच्या ट्रेपाशी उभी असते, ती फीत कात्रीनं कापते. कच्च. तो आवाज झाला की घसा पुढचं नाव घेतो. महिनाभर शिवायचं आणि एका सकाळीत कापायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत, पण पगार मिळतो आणि मला टाके घालायला आवडतात.

फीत लावली की पदक सरळ लोंबतंय का ते बघावं लागतं. त्यासाठी एक लाकडी धड आहे, बिनडोक्याचं, त्याला आम्ही साहेब म्हणायचो, नवे साहेब येईपर्यंत. त्या धडाचा पाय निखळला म्हणून ते सुताराकडे गेलंय. मग मी माझ्याच अंगावर लावून आरशात बघते, आठ-दहा दिवस तेच चाललंय. आणि मी डावरी. शाळेत बाई पट्टीनं बोटं फोडायच्या, आई म्हणायची, असू दे गं, हात आपलाच आहे ना. डाव्या हातानं पीन लावायची तर ती सहज उजवीकडे लागते, करून बघा. एरवी काही बिघडलं नसतं. पण छातीच्या डाव्या बाजूला पदक लावतो तो ज्याचं ते पदक आहे, आणि उजव्या बाजूला लावतं ते जो परत आला नाही त्याच्या घरचं माणूस, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या संध्याकाळी ट्रेमधलं शेवटचं पदक लावून बघत होते, इतक्यात शिपाई किल्ल्या वाजवत आला, "चला ताई, दिवे घालवतोय," आणि मी आपला कोट चढवला आणि निघाले. इतकी साधी गोष्ट. आरशासमोरून सरळ बसमध्ये, आणि बसमध्ये एका माणसानं मला कोणाची तरी बहीण केलं.

नाही म्हणायला हवं होतं. ‘अहो काका, हे कचेरीचं आहे’ एवढे पाचच शब्द. ते घशापर्यंत आलेही. पण त्या माणसाचं तोंड असं होतं, की देवाशपथ, मला नाही म्हणवेना. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की बसचा धक्का होता हे मलाही सांगता यायचं नाही. त्यानं विचारलं, "काय करायचा?" मला माहीत होतं तेवढंच मी सांगितलं, कडेवर कोरलेलं तेवढंच. "खेचरवाला होता." नाव तुम्हालाही सांगत नाही. ते तीनदा मोठ्यानं घ्यायचं नाव आहे, गप्पांत खर्च करायचं नाही. पण खेचरवाला म्हटल्यावर म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले, जणू त्याला कोणी हाक मारली. "अरे देवा, खेचरवाला," तो म्हणाला. "मी पोरसवदा होतो हो तेव्हा. वर डोंगरात अडकलो होतो आम्ही, पाणी संपलेलं. हे लोक अंधारातून वर यायचे, पखाली घेऊन. आणि आल्या आल्या पहिलं पाणी कोणाला, तर खेचराला! आम्ही आईबहिणीवरून शिव्या द्यायचो त्यांना, माफ करा ताई. अरे आधी माणसाला दे की, म्हणायचो. तर त्यातला एक जण म्हणाला, तुम्ही मागून घ्याल, याला कुठे मागता येतं?" एवढं सांगून तो स्वतःशीच हसला. "तोच असेल असं नाही म्हणत मी. पुष्कळ होते ते." मी म्हटलं, "असेलही." का म्हटलं कोण जाणे. त्याचा थांबा आला. उतरायच्या आधी त्यानं टोपीला हात लावला आणि म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे, ताई. नाहीतर कोण लावणार त्याचं?"

शेवटच्या थांब्यापर्यंत मी कोट उघडाच ठेवला. लपवायला हवं होतं, कळत होतं, पण हात बटणांकडे जाईना. जिन्यात शेजारीण भेटली. इतकी वर्षं आम्ही एकमेकींशी ‘तुमच्याकडे पाणी आहे का’ यापलीकडे बोललो नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदकाकडे पाहिलं आणि हातातली कचऱ्याची बादली खाली ठेवून माझ्यासाठी दार धरलं. "कधी बोलला नाहीत," ती म्हणाली, जरा रागावून. मी म्हटलं, "विषय निघाला नाही." घरात येऊन दिवा लावला. एक खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. कोट काढला, पण पदक काढलं नाही. अंडं उकडायला ठेवलं तेव्हा ते ओट्याच्या कडेला लागून टिणटिणलं, आणि मी चक्क म्हणाले, "सावकाश." कोणाला म्हणाले? वेड लागलंय बाई, म्हटलं. पण खरं सांगते, त्या घरात माझ्याशिवाय काहीतरी वाजलं याचंच मला इतकं बरं वाटलं की अंडं जास्त उकडलं गेलं.

सरकारनं ह्या पदकांचं काय करावं, ह्यावर आमच्याकडे सध्या रोज संमेलन भरतं. समिती बसली आहे ना. हिशेबाच्या खात्यातला म्हणतो, लिलाव करा, हौशी लोक घेतात, कपाटात लावतात. खालची कागदपत्रांची बाई म्हणते, संग्रहालय करा, काचेत ठेवा, शाळेच्या सहली येतील. ड्रायव्हर म्हणतो, मानानं पुरून टाका, माणसाला पुरतात तसं. घसा म्हणतो, "राहू दे की खणात. खण काय खायला मागतो?" आणि नवे साहेब तरुण आहेत, वाईट नाहीत, स्वतःचा कप स्वतः धुतात. ते म्हणतात, वितळवणं हाच स्वच्छ मार्ग, फक्त हा पुकाऱ्याचा प्रकार बंद करू. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये ओरडायचं कोणासाठी? नावं संगणकावर टाकू, ज्याला बघायचं तो बघेल. पुढच्या महिन्यापासून तसा हुकूम आहे. उद्याचा पुकारा शेवटचा. तुमचं काय मत, असं साहेबांनी मलाही विचारलं होतं, आणि मी काय म्हणाले? "मला काय कळतंय साहेब, मी फीतवाली." अगदी गरीब गायीसारखी म्हणाले. आता त्या अंड्यासमोर बसून मला त्या उत्तराची लाज वाटत होती, आणि भूकही लागत नव्हती. संगणकावर नाव असणं आणि कोणीतरी तोंडानं विचारणं, यात फरक आहे. तो फरक काय, हे मला सांगता येत नव्हतं, पण मला तो अंगावर माहीत आहे.

आई गेली तेव्हा मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये होते. असाच लांब कॉरिडॉर, असेच बाक. आतून एक आया आली, हातात आईची पिशवी, पिशवीत चष्मा आणि चपला, आणि तिनं तिथे बसलेल्या सगळ्यांकडे बघून आईचं नाव घेतलं आणि विचारलं, "यांचं कोण आहे?" मी उठले. "मी आहे." रडू नंतर आलं, आधी उठण्याचंच कसलंसं बळ आलं होतं, की हे मला म्हणता येतंय, हे माझंच आहे. त्यानंतर मला कोणी असं विचारलेलं नाही. मग गेल्या वर्षी माझं स्वतःचं ऑपरेशन झालं, फार मोठं नव्हतं. नर्सनं विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, येतायत. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, वाटेत आहेत. कोण वाटेत होतं, सांगा! एक भाचा आहे, दूर देशी असतो, गुणी पोरगा, वाढदिवसाला फोनवर फुलांचं चित्र पाठवतो. पण चित्र काही दवाखान्यात येऊन बसत नाही. ऑपरेशननंतर मला ढकलगाडीवरून बाहेर आणलं, गुंगी होती, पण ऐकू येत होतं. वॉर्डबॉयनं माझं नाव घेतलं आणि विचारलं, "यांचं कोणी आलंय का?" मी वाट पाहिली. खरंच पाहिली, हसू येतं आता. गुंगीत माणूस मूर्ख होतो, मला वाटलं कोणीतरी म्हणेल. त्यानं आणखी एकदा विचारलं, मग माझी गाडी भिंतीला लावली, ‘शांतता राखा’ अशी पाटी होती तिच्याखाली, आणि गेला. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे. छताला ओल आली होती, तिचा आकार बघत पडले होते. तेव्हापासून पुकाऱ्याच्या दिवशी घसा नाव घेऊन थांबला, की मी कात्री पटकन चालवते. पटकन व्हावं म्हणून. थांबणं ऐकवत नाही म्हणून.

तर प्रश्न असा होता, की उद्या मी हे पदक ट्रेमध्ये ठेवायचं, घसा तीनदा विचारणार, आणि मी कापायचं. दुसरं काही करण्यासारखं होतं का? होतं. नियमात आहे, सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण तो कधी वापरलाच गेलेला नाही. पुकाऱ्याला कोणीही ‘आहे’ म्हटलं, तर ते पदक बाजूला काढायचं, वर्षभर टांकसाळीत पाठवायचं नाही, चौकशी करायची. कोणीही, असं लिहिलंय. ज्यानं लिहिलं तो भला माणूस असणार, त्याला वाटलं असेल, आधी येऊ तर दे कोणाला. पण कचेरीच्या माणसानं खोटं नातं लावलं तर नोकरी गेलीच, आणि माझं पेन्शन असं समोर दिसतंय. बरं, करून मिळवायचं काय, तर एक वर्ष. वर्षानं पुन्हा तेच. आणि पुकाराही नसेल तेव्हा, कोणी विचारणारही नाही. मी स्वतःला म्हटलं, बाई गं, उगाच विकतचं दुखणं नको, सकाळी लवकर जा, गुपचूप ट्रेमध्ये ठेव, कोणाला कळायचं नाही. हे ठरवलं आणि मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. पदक काढून टेबलावर ठेवलं. कापडावर पिनेची दोन भोकं राहिली होती. मी त्यावर बोट फिरवत बसले. त्याला कुठे मागता येतं, असं तो म्हातारा म्हणाला होता. मला तरी कुठे आलं? पाटीखाली पडले होते तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

सकाळी लवकर नाही गेले. नेहमीच्या बसनं गेले, कोटाची सगळी बटणं लावून, घामाघूम. बसमध्ये कोणी उठलं नाही, अर्थातच. एका पोरानं उलट पायावर पाय दिला. तिसऱ्या मजल्यावर सगळी तयारी झालेली होती, ट्रे स्टँडवर, घसा मफलर सैल करून खडीसाखर चघळतोय, आणि चक्क नवे साहेब आलेले. "शेवटचा आहे, म्हटलं बघून घ्यावा," ते म्हणाले, जरा ओशाळून. मग ट्रेकडे बघून म्हणाले, "बाई, इथली एक जागा रिकामी कशी?" "आणते साहेब," मी म्हटलं, "फितीचं जरा राहिलंय." आणि खोलीत गेले. टेबलावर कात्री होती. समोर आरसा. कोट काढून ठेवला. पदक ब्लाऊजवर उजव्या बाजूला लागलेलं होतं, सकाळी घरूनच लावून निघाले होते मी. म्हणजे बघा, मन एक ठरवतं आणि हात दुसरंच करतो, आणि हात आपलाच असतो ना. मी आरशात पाहिलं. सरळ लोंबत होतं. चांगलं शिवलं होतं मी.

बाहेर आले तेव्हा घशानं पाहिलं आणि त्याच्या तोंडातली खडीसाखर थांबली. साहेब पाठमोरे होते, कागद बघत होते. मी ट्रेपाशी माझ्या जागी उभी राहिले नाही. बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाकावर बसले, आणि कळलं की तिथून जिन्याचं तोंड दिसतं, आणि घसा फार उंच दिसतो. ह्याच पदकापासून सुरुवात कर, असं मी त्याला डोळ्यांनी सांगितलं असेन, किंवा तो त्या रिकाम्या जागेवरूनच समजला. त्यानं घसा साफ केला आणि खेचरवाल्याचं नाव घेतलं. नंबर, हुद्दा, नाव. "यांचं कोणी आहे का?" खालचे टाइपचे आवाज थांबले. त्यानं जिन्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, पुरता वेळ घेऊन. दुसऱ्यांदा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं होतं मी लगेच उठेन, पण उठले नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पेन्शनची वाटत होतीच, पण जास्त ह्याची, की मी म्हणेन आणि आवाजच निघणार नाही. तिसऱ्यांदा नाव घेताना घसा माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता, वर छताकडे बघत होता. "यांचं कोणी आहे का?"

त्यानंतर कात्री वाजते. ती वाजली नाही. साहेब वळले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आहे." आवाज निघाला. भसाडा निघाला, पण निघाला.

"बाई?" साहेब म्हणाले. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पदकाकडे, मग कोणत्या बाजूला आहे तिकडे. "तुम्ही? अहो, कोण लागतो हा तुमचा?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे कोणी नाही, साहेब. खोटं नातं लावत नाहीये मी. तुम्ही विचारलंत कोणी आहे का, तर मी आहे. नियमात कोणीही लिहिलंय. करा चौकशी, वर्ष आहे तुमच्याकडे."

नियम त्यांनाही पाठ होता, परीक्षा देऊन आले होते ते. त्यांनी घशाकडे पाहिलं, जणू काही घसा आता काहीतरी करून हे सोडवेल. आणि घशाला खरंच काहीतरी करायचं होतं. नियमात चौथं वाक्य आहे, कोणी ओ दिली तर म्हणायचं. सगळी नोकरी झाली, त्याला ते कधी म्हणावं लागलं नव्हतं. त्यानं मफलर काढला, का काढला कोण जाणे, हातात धरला आणि म्हणाला, "त्यांनी पुढे यावं." एवढा पहाडी आवाजाचा माणूस, पण ‘यावं’ म्हणताना आवाज फाटला. मी पुढे गेले. ट्रेमधल्या त्या रिकाम्या जागेशेजारून गेले. घशासमोर उभी राहिले. पुढे काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं, पदक तर आधीच माझ्या अंगावर होतं. मग त्यानं नमस्कार केला. मीही केला. आम्ही रोज एकमेकांच्या डब्यातलं खातो, आणि असे उभे राहिलो, परक्यासारखे.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले, "हे बाजूला लिहून घ्या. माझ्याकडे या बाई, नंतर. आता बाकीचं उरका." त्यांचा आवाज चिडलेला होता, पण ते ट्रेकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी नेहमीच्या जागी, ट्रेपाशी येऊन उभी राहिले. घशानं पुढचं नाव घेतलं. कोणीतरी निशाणदार होता. यांचं कोणी आहे का? त्यानं जिन्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मग तो थांबला, साहेब थांबले, मीही थांबले. कात्री आत टेबलावर राहिली होती. मी ती आणायला गेले नाही.